इथे गुलाब नव्हते

“इथे गुलाब कुणी लावले?” इंदुबाईंनी विचारलं.

रहीमच्या फोटो स्टुडिओतल्या स्क्रीनवर मांजरी गावातला आजोबांचा बंगला नव्याने उजळला होता. पडवी, हौद, चिकूची रांग, पायऱ्यांवर उभी मंडळी. बंगला पाडून तिथे टॉवर उठले. त्यातल्याच एका फ्लॅटची उद्या वास्तुशांत. आपल्या त्या हॉलमध्ये लावायचा म्हणून दीनानाथने, इंदुबाईंच्या मामेभावाने, त्यांच्याकडचा जुना फोटो मोठा करायला मागून आणला होता.

“मशीनने लावले, काकू,” रहीम म्हणाला. “कडेचा तुकडा फाटलेला होता ना, ते आपोआप भरतं.”

“तिथे माझी आई होती.”

“ठाऊक आहे गं ताई,” दीनानाथ हळूच म्हणाला. “पण आत्याने माळ्याशी लग्न केलं म्हणून आजोबांनी तिला फोटोतून फाडली, हे आता भिंतीवर कशाला? पाहुणे विचारतील.”

“विचारू देत. तोंड आहे मला.”

“अगं, भोक तसंच ठेवायचं?”

“तसंच. आजोबांना निदान ठाऊक होतं, आपण कुणाला फाडतोय ते.”

त्यांनी टेबलावरचा मूळ फोटो उचलून दीनानाथपुढे धरला. फाटलेल्या कडेशी एक लहान मुलगा उभा होता, दीनानाथचे वडील. त्याच्या खांद्यावर चार बोटं. बाई गेली, हात गेला, बोटं तेवढी राहिली. आईचं तरुणपण इंदुबाईंनी एवढंच पाहिलं होतं.

स्क्रीनवरच्या मुलाचा खांदा मात्र कोरा होता.

“डाग समजून पुसलं बहुतेक,” रहीम ओशाळला.

दीनानाथ फोटोवर वाकला. “बाबांच्या खांद्यावर... मी कधी बघितलंच नाही गं.”

“रहीमभाई, गुलाब काढा. जुना होता तसा आणा. आता मोठा करा. अजून. थांबू नका.”

पडवी स्क्रीनबाहेर गेली. हौद गेला, चिकू गेले, आजोबांची पगडी गेली.

“ताई, बंगला राहिलाच नाही की!”

“तो तू केव्हाच विकलास. आता हे लाव हॉलमध्ये. लावशील?”

दीनानाथने नुसती मान हलवली, होकाराची.

स्क्रीनभर खांदा आणि चार बोटं. रहीमने डोळे बारीक केले. “नखांत काळं दिसतंय, काकू. तेवढं साफ करतो.”

“हात लावू नका. माती आहे ती.”