सोफ्याचं प्लास्टिक

कौशल्याबाईंनी हौसेनं आदिलाबादहून एकसारखे दोन भारी सोफे आणले. एक हॉलात, एक बाहेर ओट्यावर, मधात काचेचं सरकतं दार. प्लास्टिक मात्र कोणाला काढू देईनात.

दुपारी दोघं नवरा-बायको आतल्या सोफ्यावर चहा घेत होते, तर बाहेरच्या सोफ्याचं प्लास्टिक करकरलं. गादी दबली. वर कोणीच नव्हतं.

"मांजर असन," सुधाकरराव म्हणाले.

गादी वर आली. मग आतल्याच सोफ्याचं पलीकडचं टोक करकरलं.

"वापस देऊन टाकू का?" सुधाकररावांनी विचारलं.

"माह्या हौसेचे सोफे हायेत! तुमी ते प्लास्टिक काढा पयले, तेच करकरते."

सुधाकररावांनी दोन्हीकडचं प्लास्टिक ओरबाडून काढलं. घर शांत झालं. कौशल्याबाई लाडानं त्यांना खेटून बसल्या.

"आता बरं वाटते ना?"

"वाटते," सुधाकरराव हळूच म्हणाले, "पन आता तो कुठी बसला, हे कसं कळन?"