पलंग हलवू नका

टीव्ही सेंटरच्या भाजी बाजारातून रत्नमालानं मांजरीचं एक आंधळं पिल्लू घरी आणलं आणि तिचा जीव थाऱ्यावर राहीनासा झाला. गॅलरीला जाळी बसवून घेतली, टीपॉयच्या कोपऱ्यांना फोम चिकटवला, सासूबाईंचा पलंग खिडकीपासून काढून भिंतीला लावला. कुठलीही वस्तू जागची हलवायची नाही, असं सगळ्यांना बजावलं. तरी ऑफिसातून ती सारखी सासूबाईंना फोन करायची.

"आत्या, मनी कुठं आहे? गॅलरीचं दार लावलंय ना?"

"लावलंय माय. तू काम कर तुझं."

घरात मांजर नको म्हणणाऱ्या सासूबाई चंपाबाईच आता स्टूल जरा सरकलं तरी मुलावर ओरडायच्या. रत्नमालाला नवल वाटायचं, बरंही वाटायचं.

थंडी सुरू झाली तोवर मनी घरभर पळू लागली. कुठंच धडकत नव्हती. सासूबाईंना परत उन्हात बसता यावं म्हणून रत्नमालानं एका रविवारी पलंग खिडकीकडं ओढायला घेतला. आवाज ऐकून चंपाबाई भिंतीला हात लावत स्वयंपाकघरातून आल्या.

"नको सरकवू गं."

"अहो आत्या, तिला सगळं घर पाठ झालंय आता."

चंपाबाईंनी चाचपत पलंगाची कड शोधली आणि हळूच टेकल्या.

"तिचं झालं माय," त्या म्हणाल्या. "माझं व्हायचं हाय अजून."