कोण कोण घाबरतं?

मोठ्या बाईंनी वर्गात येऊन माझ्या हातातलं चित्रांचं पुस्तक काढून घेतलं. पलंगाखाली राहणाऱ्या भुताचं.

"बालवाडीत भुतं दाखवता म्हणून एका आईची तक्रार आली आहे."

"अहो, मुलंच मागे लागतात," मी म्हणाले. खोटं नव्हतंच ते. रोज सगळी सतरंजीवर मला चिकटून बसायची. "कोण घाबरलं?" असं मी विचारायची, ज्याचा हात आधी वर जाईल त्याला मांडीवर घ्यायची आणि मगच पलंगाखालचं पान उलटायची. कस्तुरी तर त्या भुतालाच दटावायची, "ए, बाहेर ये, सर्दी होईल!"

"मग मुलांनाच विचारू," मोठ्या बाई म्हणाल्या. मी निर्धास्त होते. "या भुताला कोण कोण घाबरतं रे?"

वीसच्या वीस हात वर गेले. सगळ्यात आधी कस्तुरीचा. मी तिच्याकडे बघितलं, तर नजर चुकवणं सोडाच, कार्टी चक्क हसली! वर्षभर यांचे शेंबूड पुसले, डबे भरवले, आणि ऐनवेळी एकानेही माझी बाजू घेतली नाही.

पुस्तक ऑफिसच्या कपाटात गेलं. मी गुडघे पोटाशी घेऊन सतरंजीवर बसले आणि मुद्दामच कुणाकडे बघितलं नाही.

कस्तुरी समोर येऊन उभी राहिली. तिचा हात अजून वरच होता.

"बाई, आज माझा हात पहिला होता," ती म्हणाली. "मांडी घाला ना आता."