पिवळं

डॉक्टरांनी रिपोर्ट टेबलावर ठेवला आणि तिच्याआधी नवराच तडकला. "एवढं कोलेस्टेरॉल? डॉक्टर, आमच्या घरात सगळे तोलूनमापून खातात. मी पहाटे उठून व्यायाम करतो, बाबांनी साय सोडली. हिचाच तेवढा जिभेवर ताबा नाही! सांगून सांगून थकलो."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"सकाळी काय खाता?" डॉक्टरांनी तिलाच विचारलं.

"चार उकडलेल्या अंड्यांचं पिवळं."

"नुसतं पिवळं? मग पांढरं?"

तिने नवऱ्याकडे बोट केलं. "ते यांना लागतं. दंडाच्या बेटकुळ्या काढायच्यात ना!"

"आणि साय?"

"सासऱ्यांच्या दुधावरची. तीही माझ्याच पोटात."

"मग टाकून द्यायची!" नवरा खेकसला. "खायला कुणी सांगितलं होतं?"

"टाकलं होतं एकदा. तेव्हा तुम्हीच घर डोक्यावर घेतलंत, अन्न वाया गेलेलं मला खपत नाही म्हणून."

दुसऱ्या दिवशी घामाने निथळत नवरा व्यायामावरून आला, खुर्ची ओढून बसला आणि ताटलीकडे बघतच राहिला. ताटलीत चार पिवळे गोळे होते आणि शेजारी वाटीभर साय.

"पांढरं कुठंय?" तो ओरडला.

तिने तोंडातला घास सावकाश गिळला, पदराला हात पुसले आणि ताटली त्याच्यापुढे सरकवली.

"ते मी खाल्लं. तुम्ही हे संपवून उठा. अन्न वाया गेलेलं मलाही खपत नाही."