हातभर बुटका गोल

गावाचा फुटबॉल क्लब निघाला तेव्हा गोलचे खांब वेल्डरकाकांनीच केले होते. माप चोख घेतलं, पण खांब जमिनीत पुरावे लागतात हेच विसरले. गोल हातभर बुटका झाला आणि सहाफुटी काकांना गावानं ‘बुटकेकाका’ करून टाकलं. ‘पुढच्या वर्षी बदलू’ म्हणता म्हणता पोरांच्या तीन पिढ्या तिथंच खेळल्या. उंच मारलेला चेंडू फुकट जायचा, म्हणून जमिनीलगत मारायला शिकल्या. आज परगावी क्लबचा पहिलावहिला अंतिम सामना शेवटच्या पेनल्टीवर आला. काकांचा नातू चेंडूपाशी गेला. “आजोबा, हा गोल की राजवाड्याचा दरवाजा?” तो ओरडला. गोलरक्षकानं उंच झेप घेतली आणि चेंडू खालून सरपटत जाळ्यात घुसला. चषक उंचावत अध्यक्ष म्हणाले, “काका, आता मापाचे खांब बसवू.” काका ओशाळले, तोच अख्खा संघ गरजला, “जुन्या खांबांना हात तर लावून बघा!”