भरलेली बॅग

खिडकी चार बोटंच उघडायची. अकरावा मजला, म्हणून त्यापुढे लोखंडी पट्टी अडवायची. आई रोज सकाळी त्या फटीशी तोंड नेऊन उभी राहायची आणि मुलगा चहा पिता पिता ते पाहायचा.

वडील गेल्यावर, तीन वर्षांपूर्वी, त्याने तिला इकडे परदेशात आणलं. आली त्या दिवसापासून तिची बॅग पलंगाखाली भरलेलीच होती. धुतलेले कपडे घडी करून ती पुन्हा बॅगेतच ठेवायची. तिला दिलेलं कपाट रिकामं.

"आईंच्या बॅगेलाच तिकीट काढून देऊ या. बिचारी एकटी जाऊन येईल," सून एकदा म्हणाली. आईही हसली, पण बॅग तिने पायाने आणखी आत सरकवली.

दर रविवारी तिकडच्या घरून काकांचा फोन यायचा.

"वहिनी, तुमच्यावाचून घर अडलंय हो! आम्हा दोघा भावांच्या जेवणाची पार आबाळ. कधी येताय?"

"बघते," आई म्हणायची. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडायची. नळाच्या आवाजातूनही रडणं ऐकू यायचं.

"आई, परत जायचंय का तुला?" मुलाने कितीदा तरी विचारलं.

"तुम्ही म्हणाल तसं."

तिला एकटीला पाठवायला त्याचं मन धजत नव्हतं. प्रयोगशाळेतली बारा वर्षांची नोकरी सोडवत नव्हती. मधल्या मध्ये तो झिजत होता.

शेवटी एका सोमवारी त्याने राजीनामा दिला. घर सोडत असल्याचं मालकाला कळवलं. संध्याकाळी जेवताना तीन तिकिटं आईच्या ताटाशेजारी ठेवली.

"घे. झालं तुझ्या मनासारखं. आपण तिघंही जातोय, कायमचे. काका घ्यायला येणार आहेत."

सुनेचाही इथे जम बसला होता. तिने डोळे पुसले आणि सासूच्या पाठीवर हात ठेवला. "सुटलात आई."

आईने हातातला घास ताटात परत ठेवला. उठून हात धुतले, पुसले. परत येऊन खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली.

"तीन वर्षं रोज धास्ती, की आज पाठवाल, उद्या पाठवाल," ती म्हणाली. "तुम्ही जा. मी त्या घरात पुन्हा पाऊल टाकणार नाही."