नात्यातली नाही

"शादी से पहले आप दोनों का आपस में कोई रिश्ता था?" डॉ. दुबेंनी पुन्हा विचारलं.

प्रश्न पियुष आणि शर्मिष्ठाला होता. उत्तर पियुषच्या आईने, गोदावरीबाईंनी दिलं. "नहीं जी. बहू नागपुर की है. बहुत दूर की."

पियुष एसीकडे पाहत होता. इथल्या हिंदी राज्याच्या मंत्रालयातली नोकरी, वरचं माणूस बोलत असताना गप्प राहायची सवय.

शर्मिष्ठाच्या मांडीवर छोटी ईरा धापा टाकत होती. गोवराची लस टोचली आणि लसीतल्या अर्धमेल्या विषाणूनेच पोरीला धरलं. चौबे कॉलनीतली बाकीची पोरं तीच लस घेऊन एक दिवस रडली आणि खेळायला गेली.

डॉक्टरांनी कागदावर गोल काढला. "देखिए. वायरस घुसा, तो ये कोशिका सायरन बजाती है. पड़ोसवाली सुनकर दरवाज़े की कुंडी लगा लेती हैं. इस बच्ची में सायरन शायद बजता है, सुनाई नहीं देता."

हा बहिरेपणा जन्माचा असू शकतो, ते म्हणाले. आई-बाप दोघांकडून आला तर. दोघं एकाच रक्ताचे असतील तर शंका दाट; मग आजच त्या वाटेने उपचार धरता येतील. नाहीतर आधी बाकीची कारणं शोधत बसायचं, आणि पोरीपाशी तेवढा वेळ नाही.

"काहून एकच विचारून राहिला हा?" गोदावरीबाई लेकाला म्हणाल्या.

लग्नात त्यांचे भाऊ दत्तोपंत नवरदेवाचा मामा म्हणून उभे राहिले आणि कन्यादानालाही तेच बसले. विदर्भात भाच्याला पोरगी देणं मानाचं. इथे मामाची पोरगी म्हणजे बहीणच. शेजारच्या तिवारी भाभींनी लग्नाचे फोटो पाहून "मामा ही ससुर?" म्हणून डोळे मोठे केले, तेव्हा बाईंनी सांगितलं, मामाची गाडी चुकली, म्हणून व्याह्यांनाच उभं केलं. तेव्हापासून मामा गाडीतच आहे.

"आत्या, पोट्टीकडे पाहा ना!" शर्मिष्ठा कळवळली.

"आत्या माने?" डॉक्टरांनी मान वर केली.

"सास को बोलते हैं हमारे में," गोदावरीबाई म्हणाल्या. बोलतातही. त्यामुळे खोटं सोपं गेलं.

ईराचे ओठ निळसर दिसू लागले. नर्सने धावत येऊन मास्क लावला.

"तू सांगतेस का मी सांगू?" शर्मिष्ठा म्हणाली. लग्नानंतर पहिल्यांदाच तिच्या तोंडून माहेरचं 'तू' निघालं.

गोदावरीबाई उठून दाराशी गेल्या. बाहेर बाकावर तिवारी भाभी खिचडीचा डबा घेऊन बसल्या होत्या. भाभी हसल्या. बाईही हसल्या, आणि आतून कडी लावली. मग डॉक्टरांच्या टेबलावर वाकून काहीतरी पुटपुटल्या.

"जोर से बोलिए, अम्मा," डॉ. दुबे म्हणाले. "सुनाई नहीं दिया."